हात कुठं ठेवायचे?

गौरी जेवणाच्या दिवशीची गोष्ट आहे, आज लिहू उद्या लिहू करत महिना होऊन गेला पण डोक्यातून जातच नाही, म्हणून आज बसलेच लिहायला.

आमचं सासरचं गाव विट्याजवळ. गौरी-गणपतीला सगळे तिथं जमतो. तिघे भाऊ, त्यांच्या बायका-पोरं, नणंदेकडे गौरी नसतात त्यामुळं तीपण मुलाला घेऊन येते, शिवाय भावकीतली माणसं येऊन जाऊन असतातच. त्या दिवशी आम्ही बायका आत पुरणाच्या गडबडीत, पुरुष मंडळी सोप्यात, आणि पोरं सोप्याच्याच एका कोपऱ्यात सतरंजीवर. चार पोरं, चौघांच्या हातात चार मोबाइल, चौघांच्या माना खाली. आमचे चुलत सासरे, त्यांना सगळे आण्णा म्हणतात, ते एकदम मोठ्यानं म्हणाले, "ही पिढी माणूसघाणी झाली बघा. माणसात बसवत नाही यांना." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी वाटी न्यायला बाहेर आले होते, माझ्या मुलाकडं बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. सगळ्यांच्या देखत त्याला बोलले, घरी काय कमी वेळ मिळतो का, इथं आजी-आजोबा बसलेत, जरा लाज वाटू दे, असं बरंच काही, आणि हातातला फोन ओढून घेतला.

ओढून घेतला तेव्हा माझी नजर स्क्रीनवर गेली. स्क्रीनवर काहीच नव्हतं. म्हणजे गेम नाही, रील नाही, चॅटिंग नाही. नुसती ॲपची चित्रं. नेट बंद होतं, आणि तो अंगठ्यानं एक पान डावीकडं सरकवत होता, मग उजवीकडं, मग परत डावीकडं.

मला कळेचना. फोन कमरेला खोचला आणि आत जाऊन पोळ्या लाटायला बसले, पण लक्ष सगळं त्या अंगठ्यात.

मी सांगलीत आठवी ते दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेते, चौदा वर्षं झाली. बी.ए.ला मानसशास्त्र होतं, तेवढ्या जोरावर पालकांना चार गोष्टी समजावून सांगते, मुलाचा स्वभाव असा आहे तसा आहे, त्याला असं हाताळा म्हणून. आणि माझ्याच पोटचा पोरगा भर सोप्यात रिकामा मोबाइल सरकवत बसलेला, हे मला चार लोकांत त्याची शोभा केल्यावर कळलं. त्याचं मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

संध्याकाळी हळदीकुंकवाचं आवरल्यावर मी माडीवर गेले, तिथं तो एकटाच होता. आधी त्याची माफी मागितली. मग विचारलं, अरे तू बघत काय होतास? बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "काही नाही गं. फोन नसला की हात कुठं ठेवायचे कळत नाही."

माझा मुलगा आठवीत आहे, मुळातच लाजाळू. सहा महिन्यांत सपासप उंच झालाय, आवाज फुटलाय, स्वतःचं अंगच त्याला अजून ओळखीचं वाटत नाही. अशा मुलाला आपण पंचवीस माणसांत नेऊन बसवतो आणि येणारा प्रत्येक जण तेच तीन प्रश्न विचारतो, कितवीला आहेस, किती टक्के पडले, पुढं काय करणार. तो म्हणाला की मान खाली असली की निम्मे लोक विचारतच नाहीत. म्हणजे आपण जे मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसणं म्हणतो ते त्याच्यासाठी आडोसा होतं. मला माझं लहानपण आठवलं, मी पाहुणे आले की शेंगा फोडायच्या निमित्तानं परड्यात जाऊन बसायचे, आणि आमच्या घरातले एक काका पाहुण्यांसमोर सबंध वेळ पेपर तोंडासमोर धरून बसायचे, त्यांना कुणी माणूसघाणं म्हटल्याचं मला आठवत नाही. शांत स्वभाव आहे म्हणायचे.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी मी बाकीच्या तिघांशीपण बोलले. नावं लिहीत नाही, पोरांना आवडणार नाही.

नणंदेचा मुलगा पुण्यात अकरावीला. अत्यंत बोलका पोरगा, बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाशी उतरेपर्यंत दोस्ती करणार. त्याच्या फोनमध्ये एकाच वेळी चार ग्रुप चालू होते आणि स्नॅपचॅटवर स्ट्रीक. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, दोघांनी एकमेकांना दर चोवीस तासांच्या आत एकतरी स्नॅप, म्हणजे फोटो नाहीतर व्हिडिओ, पाठवायचा, असे जितके दिवस सलग झाले तितका आकडा नावापुढं आगीच्या चित्रासकट दिसतो, एक दिवस चुकला की आकडा गेला. त्याचा एका मित्राबरोबरचा आकडा चारशेच्या वर गेलाय. तो मला म्हणाला, "मामी, मी इथंपण आहे आणि तिथंपण आहे, मला दोन्हीकडं मजा येतीय." आणि ते खरं होतं हो, मधूनच मान वर करून आण्णांच्या बोलण्यात तो बरोबर उत्तर देत होता. म्हणजे माणसं नकोत म्हणून फोन धरणारा हा पोरगा नव्हेच, त्याला माणसं जास्तच हवी असतात.

थोरल्या जाऊबाईंची मुलगी दहावीला, तिचं ऐकून तर मी गप्पच झाले. तिच्याकडं स्वतःचा फोन नाहीये. हातात होता तो तिच्या आईचा. घरी तिला फोन मिळत नाही, अभ्यासाचा व्हिडिओ बघायचा तरी आई शेजारी बसणार, आणि भाऊ तिच्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठा पण त्याला दहावी झाल्याझाल्या नवा फोन. मग हिला फोन कधी मिळतो? सण असला, कार्य असलं, घरात माणसं जमली की. कारण तेव्हा आईचे हात पिठात असतात! ती हसत म्हणाली, "काकू, आई पुरण वाटायला बसली की माझा टाइम सुरू." आम्ही सगळे म्हणत होतो की ही पोरगी घरात नीट असते आणि चार माणसं आली की फोन घेऊन बसते, कसला हा स्वभाव. स्वभाव कसला, तिला तेवढीच वेळ मोकळी सापडत होती.

हे आमच्याच घरातलं आहे असं नाही. प्रथम संस्थेचा मुलांच्या शिक्षणाविषयीचा असर अहवाल निघतो ना, त्यातला २०२३ चा अहवाल खेड्यांतल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींवर होता. ज्यांना स्मार्टफोन वापरता येतो त्यांच्यात स्वतःचा फोन असलेली मुलं ४३.७ टक्के आणि मुली १९.८ टक्के. मुलांच्या निम्म्याहूनही कमी. म्हणजे उरलेल्या मुली कुणाचा तरी मागून घेतलेला फोन वापरतात, आणि आमच्याकडच्यासारखाच तो बऱ्याचदा कुणाचं लक्ष नसताना, घर माणसांनी भरलेलं असताना हातात येत असणार. हे आईबापांनी जरा डोळे उघडून बघायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

चौथा धाकट्या दिराचा मुलगा, सोळा वर्षांचा. त्याच्याविषयी शेवटी लिहिते.

आता स्वभावाचं. मानसशास्त्रात स्वभाव मोजायची जी पद्धत सगळ्यात जास्त वापरतात तिच्यात पाच गोष्टी धरतात. नवीन गोष्टींविषयी मोकळेपणा, कामातला नेटकेपणा, माणसांत रमणं, दुसऱ्याशी जुळवून घेणं, आणि मनाची घालमेल म्हणजे लवकर चिंता लागणं, लवकर खचणं. फोनच्या वापराविषयी याच धर्तीचे खूप अभ्यास झालेत आणि त्यात साधारण असं दिसतं की ज्यांना घालमेल जास्त त्यांचा फोन सुटत नाही, आणि ज्यांचा नेटकेपणा जास्त त्यांचा त्यातल्या त्यात ताब्यात असतो. माणसांत रमणाऱ्यांचं मात्र एकसारखं निघत नाही, कधी असं कधी तसं. आमचा सोपा बघून मला ते पटतं, लाजाळू पोरगा आणि बोलका पोरगा दोघं एकाच सतरंजीवर एकाच पद्धतीनं मान खाली घालून बसले होते, लांबून बघणाऱ्याला काय फरक कळणार.

आणि आणखी एक गोष्ट जी मी पालकांना नेहमी सांगते. या वयात स्वभाव एका जागी थांबलेला नसतो. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०११ मध्ये दहा लाखांवर लोकांची माहिती तपासली होती, त्यात लहानपणाकडून पौगंडावस्थेत येताना नेटकेपणा आणि जुळवून घेणं दोन्ही खाली येतं आणि पुढं वय वाढेल तसं परत वर चढतं असं दिसलं. म्हणजे तेरा-चौदाव्या वर्षी पोरगं पसारा करतंय, उलट बोलतंय, पाहुण्यांकडं बघत नाहीये, म्हणून आयुष्यभराचा शिक्का मारू नये. आपण काय करतो, नेमका त्याच वर्षी माणूसघाणा म्हणून शिक्का मारतो, तोही नातेवाइकांसमोर, आणि पोरगं ते ऐकत असतं. माझ्या शिकवणीत एक मुलगी होती, तिला घरी सारखं म्हणायचे की हिला माणसं आवडत नाहीत, शेवटी ती स्वतःच सगळ्यांना सांगायला लागली की मला माणसं आवडत नाहीत. तिला माणसं आवडायची हो. शिकवणी सुटल्यावर अर्धा अर्धा तास माझ्याशी गप्पा मारत उभी राहायची.

समोर माणूस असताना फोनमध्ये बघत बसण्याला इंग्रजीत फबिंग म्हणतात, हा शब्द २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियात मुद्दाम घडवलेला, तिथल्या मॅक्वारी नावाच्या डिक्शनरीच्या प्रचारासाठी एका जाहिरात एजन्सीनं भाषेतली जाणकार माणसं बोलावून. पुढं त्यावर रीतसर संशोधन सुरू झालं. इंग्लंडमधल्या केंट विद्यापीठातल्या दोघांचा २०१६ चा एक लेख आहे, त्यातली एक गोष्ट माझ्या फार कामाला आली. फोनचं व्यसन, आपण काहीतरी चुकवतोय ही भीती, मनावर ताबा कमी, ही कारणं तर त्यात आहेतच. पण ज्याला दुसऱ्यांकडून अशी वागणूक मिळते तो स्वतःही तसंच वागायला लागतो, आणि मग हे चालतंच, यात काही विशेष नाही, असं सगळ्यांनाच वाटायला लागतं, असंही त्यात निघालं.

हे वाचलं आणि मला आमचा सोपा परत दिसला. पोरांच्या माना खाली होत्या, आणि आण्णा? आण्णा स्पीकर फुल करून व्हॉट्सॲपवर आलेले व्हिडिओ बघत होते, आमच्या घरातले ऊसबिलाच्या ग्रुपवर, दीर शेअर बाजारात. मी स्वतः पोळ्या लाटता लाटता मध्येच हात पुसून शिकवणीच्या ग्रुपवर उत्तर देत होते. माझा मुलगा पाचवीत असताना चित्र काढून दाखवायला यायचा आणि मी फोनवरची नजर न काढता हं हं छान म्हणायचे, हे मला त्या रात्री झोप येईना तेव्हा आठवलं. त्याची तक्रार कुणी केली नाही कारण मी मोठी, माझं ते काम. संध्याकाळच्या आरतीलासुद्धा पोरांनी फोन खाली ठेवले होते, दोघांच्या हातात टाळ, एकाच्या हातात घंटा, आणि मोबाइल वर धरून शूटिंग करणारे हात सगळे मोठ्यांचे. मी मोजले, सात होते.

याचा अर्थ फोननं काही बिघडत नाही असं माझं म्हणणं नाही, कुणी तसा काढू नका. बिघडतं. कॅनडात एक प्रयोग झाला होता, २०१८ मध्ये छापून आला, तीनशेच्या वर लोकांना मित्रांबरोबर किंवा घरच्यांबरोबर हॉटेलात जेवायला पाठवलं, काहींना फोन टेबलावर ठेवायला सांगितला आणि काहींना बाजूला ठेवून द्यायला सांगितला. फोन टेबलावर असणाऱ्यांचं लक्ष जास्त विचलित झालं आणि जेवणाची मजा थोडी कमी आली. फरक काही प्रचंड नव्हता, पण होता. आणि आमच्या काकांचा तो पेपर कसा, चार-दोन पानांत संपतो, त्यांना केव्हातरी तो घडी करून ठेवावाच लागायचा. इन्स्टाला तळच नाही, खाली सरकवत राहा, येतच राहतं. ही न संपणारी पानं ज्यानं २००६ मध्ये पहिल्यांदा बनवली त्या एझा रस्किननं स्वतःच नंतर त्याबद्दल खेद व्यक्त केलाय. स्ट्रीक, ॲपवरचे लाल आकडे, हे सगळं माणूस परत परत यावा म्हणूनच असतं, आणि चौदा वर्षांच्या पोराचा मेंदू, त्यातला स्वतःला आवरणारा भाग, अजून तयार व्हायचा असतो, पंचविशीपर्यंत तो तयार होत राहतो. त्याला तू मनावर ताबा ठेव म्हणणं सोपं आहे.

आमच्या गावापासून फार लांब नाही, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे, पेपरात आलेलं, बऱ्याच जणांनी वाचलं असेल. २०२२ च्या ऑगस्टपासून तिथं संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही, मोबाइल बंद, साडेआठला परत भोंगा. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शाळेमुळं पोरांच्या हातात फोन आला तो परत जाईना म्हणून गावानं ठरवलं. लोक म्हणतात अशा भोंग्यानं काय होणार. मला त्यातलं एकच आवडतं, भोंगा सगळ्या गावाला वाजतो. आईच्या मालिकेला वाजतो, बापाच्या मोबाइलला वाजतो. पोरगं मान वर करतं तेव्हा त्याला समोर कुणाचातरी चेहरा दिसतो. नाहीतर आपण फोन काढून घेतो, पोरगं मान वर करतं, आणि समोर आपण मान खाली घालून बसलेलो असतो, मग त्यानं बघायचं तरी कुणाकडं?

आमच्याकडं भोंगा नाही. विसर्जनाच्या दिवशी भावकीची पंगत होती तेव्हा मी एकच केलं, मुलाला म्हटलं तू मीठ-लिंबू वाढ. फोन ठेव असं म्हटलं नाही. त्यानं स्वतःच फोन आतल्या कोनाड्यात ठेवला, कारण एका हातात मिठाचं भांडं, दुसऱ्या हातात लिंबाच्या फोडींची ताटली. पहिल्या पंगतीला कान लाल झाले होते त्याचे. दुसऱ्या पंगतीला मी पोळ्या घेऊन मागून चालले होते, तर हा आजींच्या पानासमोर थांबला, वाकला, आणि फक्त लिंबाची फोड ठेवली, मीठ वाढलंच नाही. आजींना बीपीचा त्रास आहे, मीठ बंद केलंय डॉक्टरांनी. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आदल्या दिवशी सोप्यात बसून बोलणं ऐकलं होतं म्हणे. मान खाली घालून, तो रिकामा मोबाइल सरकवत असतानाच ऐकलं होतं. मी तिथंच उभी राहिले, जाऊबाई मागून ओरडल्या पोळ्या गार होतील म्हणून, तेव्हा पुढं सरकले.

आण्णांनी त्याला काही विचारलं नाही त्या दिवशी, फक्त म्हणाले, "लिंबू अजून एक दे रे." यानं दिलं. तेवढंच बोलणं झालं दोघांचं, पण झालं.

जाऊबाईंशीपण बोलले मी. आधी त्यांना राग आला, मुलीच्या जातीला फोन कशाला इथपासून सुरुवात. मी वाद घातला नाही, एवढंच म्हटलं की ताई, तिला रोज अर्धा तास तुमच्यासमोरच पण तिचा तिला द्या, शेजारी बसून डोकावू नका, मग बघा सणाला ती माणसांत बसते का नाही. आता रात्री नऊ ते साडेनऊ ठरलंय. चालू आहे का बंद पडलं ते दिवाळीला कळेल, पण सुरुवात तरी झाली.

राहिला तो धाकट्या दिराचा मुलगा. तो रील वगैरे काही बघत नव्हता. दर दोन मिनिटांनी फोन उघडायचा, बघायचा, बंद करायचा, उपडा ठेवायचा, परत उचलायचा. जेवतानासुद्धा डावा हात मांडीवरच्या फोनवर. खोदून खोदून विचारल्यावर म्हणाला की वर्गातल्या मित्रांनी त्याला ग्रुपमधून काढलंय, का ते सांगितलं नाही, आणि त्यांनी दुसरा ग्रुप केलाय हे त्याला तिसऱ्याकडून कळलंय. तो वाट बघत होता की कुणीतरी मेसेज करेल. चार दिवस सण झाला, पुरणपोळी झाली, आरत्या झाल्या, आणि हा पोरगा त्या सगळ्यात बसून एका मेसेजची वाट बघत होता, आणि आम्ही त्याला म्हणत होतो की बघा कसा माणसातून उठलाय. "काकू, पप्पांना सांगू नका," म्हणाला. सांगितलेलं नाही.

त्याला नेमकं काय सांगावं हे मला त्या दिवशी सुचलं नाही आणि खरं सांगायचं तर अजून सुचलेलं नाही. मित्र जोडून देणं काय माझ्या हातात आहे. अधूनमधून फोन करते, अभ्यासाचं काही विचारत नाही, क्रिकेटचं विचारते, तो दोन वाक्यं बोलतो, कधी चार. परवा सांगितलंय की दिवाळीला सगळ्यांच्या चार दिवस आधी सांगलीला ये, आकाशकंदील घरी करायचाय, आमच्याकडच्याला काड्या बांधायला जमत नाहीत. बघते म्हणालाय.